जुन्या शहरासाठी लेन्स: एक मोठी की दोन लहान?

अंबाबाईच्या देवळाचे महाद्वार वरच्या नगारखान्यासह पूर्ण चौकटीत घ्यायचे असेल, तर छायाचित्रकाराला मागे ताराबाई रोडच्या दिशेने सरकावे लागते, आणि तो जितका मागे सरकतो तितक्या मध्ये हातगाड्या, लोंबत्या तारा, दुचाकी आणि दर्शनाला निघालेली माणसे येत जातात. पुढे जाऊन उभे राहिले की गर्दी पाठीमागे पडते, पण मग दरवाजा मावत नाही. जुन्या शहरात लेन्स निवडताना हाच पेच निरनिराळ्या रूपांत समोर येतो आणि तपशिलांचे तक्ते वाचून तो सुटत नाही. म्हणून प्रवासातील छायाचित्रणासाठी नेहमी सुचवल्या जाणाऱ्या तीन लेन्स कोल्हापूर, पन्हाळा आणि खिद्रापूर येथे वापरून त्यांच्याविषयीचे माझे मत येथे मांडत आहे.

त्या तीन लेन्स म्हणजे सिग्माची १८-५० मिलिमीटर एफ/२.८, टॅमरॉनची १७-७० मिलिमीटर एफ/२.८ आणि सोनीची १०-२० मिलिमीटर एफ/४. मिलिमीटरचा आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद, आणि एफपुढचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे. तिन्ही एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरच्या, मिररलेस कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या असल्यामुळे फुलफ्रेमचा हिशेब करणाऱ्यांनी मिलिमीटरच्या प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे. सिग्मा माझ्या मालकीची आहे, टॅमरॉन मित्राची आहे आणि सोनीची लेन्स भाड्याने आणली होती. कॅमेरा बहुतेक वेळ सोनी अल्फा ६७०० हा, म्हणजे बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरून घेण्याची सोय) असलेला, २६ मेगापिक्सेलचा होता. मात्र ती सोय नसलेल्या अल्फा ६४०० वरही सिग्मा आणि टॅमरॉन मुद्दाम लावून पाहिल्या, कारण आपल्याकडे अजून बऱ्याच जणांच्या हातात त्याच पिढीतील बॉडी आहे.

माझा निष्कर्ष वजनाच्या एका साध्या बेरजेतून निघाला आहे. सिग्मा १८-५० चे वजन २९० ग्रॅम आणि सोनी १०-२० चे १७८ ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ४६८ ग्रॅम. एकटी टॅमरॉन १७-७० मात्र ५२५ ग्रॅमची आहे. दहापासून पन्नास मिलिमीटरपर्यंतचा सगळा पल्ला एका लेन्सहून कमी वजनात पिशवीत राहतो, आणि जुन्या शहरात पन्नास ते सत्तर या टप्प्यापेक्षा दहा ते सतरा या टप्प्याची गरज कितीतरी अधिक वेळा लागते. दोन लेन्सची किंमत मिळून टॅमरॉनपेक्षा बरीच जास्त होते हे खरे आहे, आणि ज्यांच्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन नाही त्यांच्यासाठी हिशेब काहीसा बदलतो, त्याकडे पुढे येतो.

आधी जागेचा प्रश्न पाहू. कॅमेरा वर उचलून इमारतीचे छायाचित्र घेतले की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि दीपमाळ किंवा दरवाजा मागे कलंडल्यासारखा दिसतो. हे टाळायचे तर कॅमेरा जमिनीला समांतर धरावा लागतो, पण तसे केले की चौकटीचा खालचा अर्धा भाग रस्त्यातच खर्ची पडतो आणि इमारतीसाठी केवळ वरचा अर्धा उरतो. एपीएस-सी सेन्सरची लांब बाजू सुमारे साडेतेवीस मिलिमीटर असते. कॅमेरा उभा धरून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ठेवून, वस्तूपासून १० मीटर अंतरावर उभे राहिले, तर १८ मिलिमीटरला सुमारे ८ मीटर उंचीपर्यंतचे बांधकाम सरळ रेषांसह मावते. १७ मिलिमीटरला हाच आकडा ८.४ मीटर होतो, आणि १० मिलिमीटरला तो सव्वातेरा मीटरवर जातो. टॅमरॉनच्या बाजूने सतराचा जो एक मिलिमीटर पुढे केला जातो, त्याची किंमत या हिशेबात जेमतेम ४० सेंटिमीटर आहे. पंचगंगा घाटावरच्या दीपमाळांसमोर तेवढ्याने काही साधत नाही, कारण तिथे मागे पायऱ्या उतरत नदीकडे जातात आणि खाली उतरावे तसा कॅमेऱ्याचा कोन आणखीच वर करावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की रेषा नंतर संगणकावर सरळ करता येतात. येतात, पण तसे करताना चौकटीच्या दोन्ही बाजूंचा मोठा भाग कापला जातो, म्हणजे दुरुस्तीसाठी सुद्धा मुळात रुंद छायाचित्रच हाती असावे लागते. शिवाय सिग्मा १८-५० च्या रुंद टोकाला रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात. कॅमेरा आणि संपादनाची बहुतेक सॉफ्टवेअर ही वक्रता आपोआप सरळ करतात, परंतु त्यातही कडांचे थोडे ताणले जाणे आणि कोपऱ्यांची स्पष्टता उतरणे आलेच. एफ/२.८ ला कोपरे मऊ वाटतात, एफ/५.६ ते एफ/८ या दरम्यान दगडाचे टाके कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उमटतात. एफ/११ च्या पलीकडे जाण्यात मात्र अर्थ नाही, कारण इतक्या लहान छिद्रातून प्रकाश विखुरल्यामुळे सगळ्याच लेन्सची धार कमी होऊ लागते.

रुंद लेन्सची खरी परीक्षा पाहायची असेल तर शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरला जावे. कृष्णेच्या काठावरील कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या छताच्या मधोमध गोल झरोका आकाशाकडे उघडा ठेवलेला आहे. खाली बरोबर त्याच्याखाली वर्तुळाकार शिळा आहे. शिळेच्या कडेला कॅमेरा खाली धरून वर पाहिले की १८ मिलिमीटरला झरोका आणि त्याची नक्षीदार कड एवढेच चौकटीत येते. चित्र सुंदर दिसते, पण ते कोणत्याही गोल खिडकीचे असू शकते. १० मिलिमीटरला झरोक्याभोवतीच्या खांबांचे वर्तुळही आत येते, खांबांवरील मूर्ती आत झुकून पाहत आहेत असे वाटते, आणि ही रचना कशी तोललेली आहे हे छायाचित्र पाहणाऱ्याला प्रथमच समजते. रुंद लेन्स म्हणजे केवळ जास्त जागा मावणे असा जो समज आहे तो इथे अपुरा पडतो. स्थापत्यातील संबंध दाखवण्याचे काम ती करते, आणि त्यासाठी सोनी १०-२० ने दिलेला निकाल मला तिन्ही लेन्समध्ये सर्वांत समाधानकारक वाटला.

याच मंडपात एक अडचणही आहे. झरोक्यातील आकाश आणि आतल्या काळ्या खांबांचा अंधार यांच्यात प्रकाशाचा इतका फरक असतो की दोन्ही एकाच छायाचित्रात धरणे कोणत्याही सेन्सरला जड जाते. दुपारी उन्हाचा गोल कवडसा शिळेवर पडतो तेव्हा तर मोह आवरत नाही, पण त्या वेळी खांब पार काळे पडतात. ढगाळ सकाळ निवडावी, किंवा कमी-अधिक प्रकाशाची तीन छायाचित्रे एकापाठोपाठ घेऊन ती नंतर एकत्र करावीत. अशा स्मारकांत तिवई लावायला परवानगी लागते, म्हणून ही तिन्ही छायाचित्रे हातातच घ्यावी लागतात आणि त्यासाठी खांबाला खांदा टेकवून उभे राहणे हाच उपाय उरतो. सोनी १०-२० मध्ये स्वतःचे स्टॅबिलायझेशन नाही. दहा मिलिमीटरला हात हलल्याचे कमी जाणवते म्हणून ते फारसे खटकले नाही.

मंदिराच्या बाहेरच्या भिंतींकडे वळले की गरज उलटी होते. तळाशी ओळीने कोरलेले हत्ती जवळून आणि खाली बसून घेता येतात, तिथे सिग्मा पुरते. वरच्या पट्ट्यांतील मूर्तींसाठी मात्र पन्नास मिलिमीटर तोकडे वाटते आणि टॅमरॉनच्या सत्तरची आठवण येते. इथे एक हिशेब मांडणे उपयोगी ठरेल. पन्नासला घेतलेले छायाचित्र सत्तरच्या चौकटीइतके कापले तर पिक्सेलची संख्या जवळपास निम्मी होते, म्हणजे २६ मेगापिक्सेलमधून १३ उरतात. भिंतीवर मोठी फ्रेम लावायची नसेल तर १३ मेगापिक्सेल बहुतेक कामांना पुरतात. ज्यांना मूर्तिशिल्पाचाच अभ्यास करायचा आहे, आयुधे आणि अलंकार मोजायचे आहेत, त्यांना सत्तरही पुरत नाहीत. त्यांनी सरळ मोठ्या टेलीलेन्सचा विचार करावा.

नव्या राजवाड्याचे उदाहरण याहून सोपे आहे. १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभ्या राहिलेल्या या वास्तूसमोर मोकळे आवार आहे, मागे सरकायला जागा आहे, आणि त्यामुळे कोणतीही साधी झूम लेन्स तिथे चालते. कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० ची लेन्सही चालते. मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याचे तपशील तेवढे सत्तरला अधिक खुलून येतात. राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयाच्या आत छायाचित्रणाला मनाई आहे, त्यामुळे अंधाऱ्या दालनांचा विचार करून इथल्यासाठी लेन्स निवडण्याचे कारण नाही. अंबाबाईच्या देवळातही गाभाऱ्यात आणि आतल्या भागात कॅमेरा चालत नाही. किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या दिवसांत मावळतीचे ऊन सरळ महाद्वारातून आत जाते, ते दृश्य बाहेर उभे राहून, पाठीवर ऊन घेऊन टिपता येते, आणि दरवाजाच्या काळ्या दगडावर त्या वेळी जो तांबूस उजेड असतो तो वर्षाच्या इतर दिवसांत इतका समोरून क्वचितच मिळतो.

काळ्या दगडाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कोल्हापूर परिसरातील बहुतेक जुने बांधकाम बसाल्टचे आहे आणि कॅमेऱ्याचे मीटर समोरचे सगळे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालते. परिणामी काळा दगड करडा दिसतो आणि वरचे आकाश पांढरे होऊन जाते. उजेड दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणला की दगड पुन्हा दगडासारखा काळा दिसू लागतो. पाऊस पडून गेल्यावर भिजलेल्या दगडावरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी करता येते, रंकाळ्याच्या पाण्यावरील प्रतिबिंबेही त्याने आटोक्यात राहतात. हा फिल्टर दहा मिलिमीटरला लावू नये, कारण इतक्या रुंद चौकटीत आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका येतो. फिल्टरचा व्यास सिग्मासाठी ५५, सोनीसाठी ६२ आणि टॅमरॉनसाठी ६७ मिलिमीटर आहे. तेव्हा एकच पोलरायझर घ्यायचा असेल तर तो सिग्माच्या मापाचा घ्यावा, हे सोयीचेही आहे आणि स्वस्तही.

आता ॲपर्चर आणि स्टॅबिलायझेशन यांच्याविषयी. टॅमरॉनमध्ये लेन्समध्येच स्टॅबिलायझेशन आहे, सिग्मात नाही, आणि या एका फरकावर अनेक जण निर्णय घेऊन मोकळे होतात. पन्हाळ्यावरील अंबरखान्याच्या गंगा कोठीत हा फरक स्पष्ट दिसतो. आत धान्य साठवण्याचे उंच, लांबलचक दालन आहे, उजेड मोजकाच येतो आणि हलणारे काहीच नाही. अल्फा ६४०० वर टॅमरॉन लावून सेकंदाच्या आठव्या भागाइतका संथ शटर ठेवला तरी भिंतीवरचे टाके स्पष्ट येतात. त्याच बॉडीवर सिग्मा लावली की तिसाव्या भागाच्या खाली जाण्यात धोका वाटतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) चौपट वाढवावा लागतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत दाणेदारपणा दिसू लागतो. अल्फा ६७०० वर मात्र हा सगळा फरक पुसला जातो, कारण बॉडीच हात सावरून घेते.

तालमीत नेमके उलटे घडते. शहरातील एका तालमीत सकाळच्या सरावाच्या वेळी परवानगी घेऊन गेलो होतो. वस्तादांची एकच अट होती: "फोटू काढा, पर लाईट मारू नका." फ्लॅश तर आम्ही नेलाच नव्हता. भिंतीतल्या उंचावरच्या खिडक्यांतून तिरपा उजेड येत होता, हौद्यातील तांबड्या मातीची धूळ त्यात तरंगत होती आणि दोन पैलवानांची खडाखडी चालू होती. पैलवानाचा हात मानेवर पडतो त्या क्षणाला पाचशेव्या भागापेक्षा संथ शटर चालत नाही, आणि इतक्या वेगाला लेन्समधले किंवा बॉडीतले कोणतेही स्टॅबिलायझेशन कामाचे नसते, कारण हलत असतो तो समोरचा माणूस. तिथे केवळ ॲपर्चर उपयोगी पडते. एफ/२.८ ला आयएसओ ६४०० ठेवावा लागला; एफ/४ ला तो १२,८०० झाला असता आणि कॅमेऱ्याबरोबरच्या लेन्सच्या एफ/५.६ ला २५,६००, म्हणजे मातीच्या कणांत आणि डिजिटल कणांत फरक उरला नसता. फोकस पकडण्यात सिग्मा आणि टॅमरॉन दोन्ही विश्वासार्ह निघाल्या. सिग्माचा लहान आकार इथे वेगळ्याच कारणाने उपयोगी पडला. टॅमरॉनचे लांब नळकांडे समोर आले की सराव करणारी मुले जागरूक होऊन छाती काढू लागतात, सिग्माकडे ती दोन मिनिटांत दुर्लक्ष करतात.

माणसे आणि बाजार हा जुन्या शहराचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तिथे जवळून फोकस होण्याचे महत्त्व वाढते. गुजरी या सराफ बाजारात कोल्हापुरी साजाची पानडी आणि जावमणी, भवानी मंडपाजवळच्या चप्पल बाजारात कातड्याच्या वेणीचे बारीक पीळ, अशा गोष्टींसाठी वेगळी मॅक्रो लेन्स बाळगणे प्रवासात परवडत नाही. सिग्मा १८ मिलिमीटरला १२.१ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, टॅमरॉन १७ मिलिमीटरला १९ सेंटिमीटरपर्यंत. परंतु हा आकडा सेन्सरपासून मोजलेला असतो, लेन्सच्या काचेपासून नव्हे. सिग्माची स्वतःची लांबी आणि बॉडीची खोली वजा केली की वस्तू आणि काच यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटर उरतात, हूड (लेन्सच्या पुढे लावायचे उन्हापासूनचे कडे) लावलेले असेल तर ते वस्तूलाच टेकते, आणि दुकानातील दिवा वर असेल तर लेन्सची सावली नेमकी मण्यांवर पडते. म्हणून हूड काढून, दिव्याकडे तोंड न करता थोडे बाजूने, पंचवीस-तीस मिलिमीटरला छायाचित्र घेणे अधिक फलदायी ठरते. सराफाच्या दुकानात कॅमेरा काढण्यापूर्वी विचारणे हे सांगायला नको, पण पर्यटकांना पाहता सांगावेसे वाटते.

सोनी १०-२० बाजारात मात्र जपून वापरावी लागते. इतक्या रुंद लेन्सच्या कडेला माणसाचा चेहरा आला की तो ताणला जातो, आणि महाद्वार रोडवर कडेला कोणी येणार नाही अशी खात्री देता येत नाही. या लेन्सचे झूम विजेवर चालते. बाजूला लहान खटका आहे आणि कडे फिरवले तरी आतली हालचाल मोटरनेच होते. चलचित्रासाठी ही सोय उत्तम आहे, पण स्थिर छायाचित्रे घेणाऱ्याला हाताने फिरवण्याच्या झूमचा थेटपणा त्यात मिळत नाही, आणि मला शेवटपर्यंत तो मिळाला नाही. झूम करताना लेन्सची लांबी बदलत नाही ही मात्र मोठी सोय आहे. ज्यांच्याकडे सोनीखेरीज अन्य कंपनीचा कॅमेरा आहे, किंवा ज्यांना रुंद टोकालाही एफ/२.८ हवे आहे, त्यांच्यासाठी सिग्माचीच १०-१८ एफ/२.८ ही सुमारे २६० ग्रॅमची लेन्स आहे. सिग्मा १८-५० सोनीबरोबरच फुजी, कॅननचा आरएफ आणि एल माउंट (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जोडणी) यांच्यासाठी मिळते, त्यामुळे ही जोडी बहुतेकांना जमवता येईल.

एक विषयांतर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. त्याच्या आतल्या भागाची आगीपूर्वीची रुंद, सरळ रेषांची छायाचित्रे ज्यांच्या संग्रहात आहेत, त्यांच्या हाती आज एक दस्तऐवज आहे. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या शहरात, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा असलेल्या शहरात, इमारतींच्या नोंदी ठेवण्याबाबत आपण इतके उदासीन असावे याचे आश्चर्य वाटते. रुंद लेन्सची शिफारस करण्यामागे माझे हेही एक कारण आहे.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. १८-३०० सारखी सर्वव्यापी लेन्स पन्हाळ्याच्या तटावर उभे राहून खालची वाडी टिपायला सोयीची आहे, पण देवळाच्या मंडपात तिचे ॲपर्चर पुरत नाही आणि रुंदीही अठरावरच थांबते. खासबाग मैदानातील कुस्त्यांसाठी सोनीची ७०-३५० ही ६२५ ग्रॅमची लेन्स चांगली आहे. संध्याकाळी मात्र तिचे एफ/६.३ मैदानावरील दिव्यांवर अवलंबून राहते. रात्री रंकाळ्याच्या चौपाटीवर किंवा गंगावेशीत धारेच्या दुधाच्या कट्ट्यावर छायाचित्रे घ्यायची असतील, तर सिग्माची ३० मिलिमीटर एफ/१.४ ही लेन्स एफ/२.८ च्या चौपट उजेड आत घेते. ज्यांचे बजेट मर्यादित आहे त्यांनी बॉडीबरोबर आलेली १६-५० ठेवावी आणि तिच्या जोडीला हीच ३० घ्यावी. दिवसा पहिली, दिवेलागणीनंतर दुसरी. फुलफ्रेम वापरणाऱ्यांना एकाच लेन्सचा आग्रह असेल तर सोनीची २०-७० एफ/४ पाहावी, कारण चोवीसऐवजी वीसपासून होणारी सुरुवात अरुंद गल्लीत लगेच जाणवते.

टॅमरॉन कोणी घ्यावी हे स्पष्ट सांगायचे तर, ज्यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, ज्यांना रस्त्यात उभे राहून लेन्स बदलणे नको वाटते, आणि जे चलचित्रही तितकेच घेतात, त्यांनी ती खुशाल घ्यावी. पावसाच्या तुषारांपासून तिच्या अंगाला अधिक संरक्षण दिलेले आहे. सिग्मात रबराचे संरक्षण केवळ माउंटपाशी आहे. पावसाळ्यात पन्हाळ्यावर ढग अंगावरून जातात तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्या दिवसांत सिग्माला मी साधी प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधतो. दिसायला ती ओंगळ दिसते, पण काम होते.

कोल्हापूरच्या पावसाळ्याला मात्र कोणतीही लेन्स अपवाद नाही. जून ते सप्टेंबर या काळात लेन्स कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवली, तर काचेच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटतात आणि ते साफ करण्याचा खर्च पुष्कळदा लेन्सच्या किमतीला भिडतो. घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल एवढे पुरते; जेलचा रंग बदलला की ती मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. वापरलेली लेन्स विकत घेताना म्हणूनच मोबाइलचा दिवा मागच्या काचेतून मारून पुढून, तिरप्या कोनातून पाहावे. धागे किंवा धुरकट डाग दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये. नवी लेन्स घेताना भारतातील वॉरंटीचे कार्ड आणि त्यावरील क्रमांक लेन्सवरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. मग दुकानाबाहेर येऊन समोरच्या एखाद्या सपाट भिंतीचे, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, सर्वांत मोठ्या ॲपर्चरला छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा धूसर असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, आणि तो नग त्याच दिवशी बदलून घ्यावा.